बंदच आहे

मिस्त्रीला गाडीचा आजार कानाने कळायचा. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि सांगून मोकळं व्हायचं. तीस वर्षांत हे निदान क्वचित चुकलं, आणि तेच त्याच्या डोक्यात गेलं. सहसा न चुकणाऱ्या माणसाला नवं काही शिकवायचं म्हणजे काय, हे त्याच्या लेकीला विचारावं.

लेक दोन वर्षं बाहेर राहून हायब्रिडचं काम शिकून आली होती. त्या दिवशी गॅरेजवर दोन गाड्या होत्या, दोन्ही एकाच डॉक्टरीणबाईंच्या. एक बारा वर्षांची पेट्रोलवाली, दुसरी अलीकडची हायब्रिड. बाईंना एकच ठेवायची होती. चार वाजता येते, तोवर दोन्ही तपासा आणि कुठली ठेवू ते बापलेकीनं एकमतानं सांगा, असं सांगून त्या गेल्या होत्या.

एकमत म्हणे. सकाळपासून दोघांची जुंपली होती.

लेक म्हणत होती, बाई दिवसभर पेशंटच्या घरी फिरतात, अर्धा वेळ सिग्नलला उभ्या. तिथे जुनी उभ्या उभ्या पेट्रोल पिते, नवी इंजिन बंद करून बॅटरीवर निभावते. मिस्त्रीचं म्हणणं, बॅटरी मेली की ती गाडी नाही, डबा. जुनीला इथे कुणीही दुरुस्त करील.

"जुनी दुखलं खुपलं तर कण्हते तरी," तो म्हणाला. "ही मुकी. हिचा भरवसा काय धरायचा?"

"मुकी नाही बाबा. तुम्हाला तिचं बोलणं कळत नाही."

हे मिस्त्रीला झोंबलं. 

लेकीचा एक नियम होता. हायब्रिडचं बॉनेट उघडण्याआधी गाडी बंद करून किल्ली पार पलीकडच्या कपाटातल्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. कारण ही गाडी चालू असतानाही गप्प उभी राहते, आणि बॅटरी उतरली की इंजिन आपणहून सुरू होतं. मिस्त्री त्या डब्याला तिजोरी म्हणायचा. "मालकीणबाई, तिजोरीला कुलूप लावलं का?" गिऱ्हाइकांसमोर विचारायचा, आणि गिऱ्हाइकं हसायची.

जेवणानंतर लेक मागे हात धूत होती. मिस्त्रीनं हायब्रिड बाहेरून आत घेतली. ऊन मरणाचं, म्हणून एसी पूर्ण सोडला होता. उतरताना गाडीनं टूंटूं केलं. "गप," म्हणून त्यानं दार लावलं आणि किल्ली खिशात टाकली. गाडी बंद करायचं बटण दाबायला तो विसरला असं म्हणणं म्हणजे त्याची बाजू घेणं. विसरला नाही. आवाज नाही म्हणजे बंद, हा निकाल त्याच्या कानानं कधीच देऊन टाकला होता.

लेक रबरी हातमोजे चढवत आली. "बंद केलीत ना?"

"बंदच आहे."

तिनं डबा उघडून पाहिला नाही. बापानं सांगितलं होतं. बॉनेट वर केलं आणि पाण्याच्या पंपाचा झिजलेला पट्टा काढायला कोपरापर्यंत हात आत घातला.

मिस्त्रीनं जुनी सुरू केली, मूठ कानाला लावली. इंजिन खडखडत होतं, एकेक ठोका ओळखीचा. बरं वाटलं त्याला. सहज मान वळवली, तर शेजारच्या गाडीच्या काचेतून आत एक बारीक हिरवा दिवा दिसला.

आधी त्याला वाटलं, असेल काहीतरी. मग आठवलं. गाडी चालू असल्याचा हा दिवा लेकीनं दहा वेळा दाखवला होता. आणि एसी मघापासून बॅटरी खात होता.

त्यानं जुनी बंद केली. "हात बाहेर काढ."

"थांबा, हातमोजा अडकलाय."

इथे क्षणभर त्याच्या जिभेवर खोटं आलं. उगाच म्हटलं, जरा दम घे, असं काहीतरी. ते गिळून तो म्हणाला, "गाडी चालू आहे. मीच ठेवली."

लेक हलली नाही. हिसका द्यावा तर हात पट्ट्यात आणखी शिरत होता. ती हळू, मोजून बोलली, जणू समोर पहिल्या दिवशीचा शिकाऊ उभा होता.

"दार उघडा. ब्रेकला पाय लावू नका. बटण एकदाच दाबा. ब्रेकवर पाय ठेवून पुन्हा दाबलंत तर पुन्हा चालू होईल."

मिस्त्री खाली वाकला. बोट बटणावर ठेवलं. दाबलं. काहीच आवाज नाही. आधीही नव्हता, आताही नाही. कान लावून तो वाट बघत राहिला आणि बोट पुन्हा बटणाकडे निघालं.

"कानाला विचारू नका," लेक बॉनेटमागून म्हणाली. "दिवा बघा."

दिवा विझला होता.

"विझला."

लेकीनं सावकाश एकेक बोट सोडवलं आणि हातमोजा तिथेच सोडून हात ओढून काढला. मनगटावर लाल वळ होता, बाकी काही नाही. तिनं बापाला लांब भिंतीशी उभं केलं, आत बसून गाडी पुन्हा चालू केली, एसी पूर्ण सोडला आणि त्याच्या शेजारी येऊन थांबली. पट्टा तसाही फेकायचाच होता.

गाडी गप्प. मिस्त्री मनात आकडे मोजू लागला. बावन्नला इंजिन धडाडलं आणि मोज्याच्या चिंध्या बॉनेटखालून उडाल्या. एक बोट त्याच्या चपलेपाशी येऊन पडलं. पिवळं, रबरी. तो खाली बसला.

चार वाजता डॉक्टरीणबाई आल्या. मग, काय ठरलं, त्यांनी नेहमीप्रमाणे मिस्त्रीलाच विचारलं.

"नवी ठेवा," तो म्हणाला. "पण हिच्याशिवाय कुणाला हात लावू देऊ नका. मलासुद्धा. आज मी ती चालू सोडली आणि पोरीला सांगितलं, बंद आहे."

बाईंनी लेकीकडे पाहिलं. लेकीनं बापाला सावरून घेतलं नाही.

बाई आजच्यापुरती जुनी घेऊन गेल्या. नवीचा पट्टा उद्या बसणार होता. मिस्त्री गाडीत वाकला, दिवा विझलाय ना ते पुन्हा पुन्हा पाहिलं, मग पलीकडे जाऊन किल्ली डब्यात टाकली आणि झाकण लावलं.

"टाकली," तो म्हणाला.

लेक उठली, कपाटापाशी गेली आणि डबा उघडून बघितला.