रडणाऱ्याने कोणतं बटण दाबायचं?

मावशीने कडी काढली आणि भाच्याने चपला काढायच्या आधीच मोबाईल तिच्या नाकासमोर धरला.

"बघ, तुझा शेअर नऊपट झालाय. आज विकून टाक. पडला की पुन्हा घेऊ."

"चहा टाकू?"

हा भाचा सकाळी शेअर घ्यायचा, दुपारी विकायचा आणि संध्याकाळी कपाळाला हात लावायचा. मावशीने मात्र सहा वर्षं आपल्या शेअरांना बोट लावलं नव्हतं. कंपनी बोलक्या यंत्रांची आणि भाव म्हणजे मद्य प्यालेलं माकड. एकदा तो असा कोसळला की भाच्याला दोन दिवस घास गेला नाही, आणि शेअर तर मावशीचे! बिल्डिंगभर तिच्या धीराचे गोडवे चालत. ते कानावर आले की तिचं डोकं फिरायचं.

"धीर कसला डोंबलाचा? राग आहे तो."

सव्वीस वर्षं ती हॉस्पिटलच्या टेलिफोनवर बसली. नुसत्या हुंदक्यावरून तिला कळायचं, फोन बाळंतिणींकडे जोडायचा की अपघात विभागात. मग याच कंपनीचं यंत्र आलं. एक दाबा, दोन दाबा. मावशीच्या हातात पुष्पगुच्छ आणि भिंतीवरचं घड्याळ. निरोपाच्या सगळ्या पैशांचे तिने त्याच कंपनीचे शेअर घेतले, कारण भागधारकाला वार्षिक सभेत उभं राहून बोलता येतं. दर वर्षी ती उठायची आणि एकच विचारायची, रडणाऱ्याने कोणतं बटण दाबायचं? दर वर्षी अध्यक्ष हसून म्हणायचे, नोंद घेतली.

भाच्याला तिचे सुजलेले गुडघे दिसत होते, आणि भाड्याच्या खोलीचे तीन जिनेही. शेअर विकले तर लिफ्ट असलेलं स्वतःचं घर होत होतं.

"एक शेअर ठेव. तेवढ्यावर आत सोडतात."

"एकावर गेले तर पाहुणी म्हणून जाईन. मला घरमालकिणीसारखं भांडायचंय."

आठवड्याने सभा झाली. मावशी उठली, प्रश्न विचारला. या खेपेला अध्यक्ष हसले नाहीत. गेल्या महिन्यात आईसाठी त्यांनीच हॉस्पिटलचा नंबर फिरवला होता. अकरा मिनिटं बटणं दाबत होते. पाणी प्यायले आणि म्हणाले, यापुढे प्रत्येक हॉस्पिटलच्या फोनवर माणूस बसेल.

दुसऱ्या दिवशी बाजार उघडला आणि शेअर जिन्यावरून सुटलेल्या घमेल्यासारखा खाली आला. भाचा चपलांसकट आत शिरला.

"निम्मा झाला, मावशी! माणसं ठेवायची म्हणजे पगार आले, म्हणून पडला. सभेत कुणीतरी काहीतरी विचारलं म्हणे."

"मीच."

भाच्याने तिच्या सुजलेल्या गुडघ्यांकडे पाहिलं.

"आता तरी वीक. उरलंसुरलं हाती लागेल."

"पुढच्या सभेची तारीख लिहून ठेव," मावशी चहाचं आधण ठेवत म्हणाली. "फोनवर माणसं बसवतो म्हणालेत. बसवली का, ते कोण विचारणार?"