डावी बाजू

"वेणी पुढं घे व पोरी. डाव्या खांद्यावरून," सिंधूताईंनी तिसऱ्यांदा सांगितलं.

"नाही घेत. अंबाडा घातला म्या," स्वयंपाकघरातून प्राचीचा आवाज आला. "गरम होते."

ओसरीत कुलदीप खुर्च्या पुसत होता. सगळ्या पुसून झाल्या होत्या, तरी तो पुन्हा पहिलीपासून सुरू झाला होता. ताईला बघायला हिवरा आश्रमाकडचे पाहुणे यायचे होते. मायलेकींचं हे बोलणं ऐकून त्यानं फडकं आणखी जोरात घासलं.

"राहू दे तिले," शेषराव दारातून बायकोला म्हणाले. मोटाळा गावात लग्नकार्याखेरीज न घातलेला कडक इस्त्रीचा सदरा त्यांनी आज घातला होता. "त्याहीनं फोटो पाह्यला ना? पाहूनच येऊन राह्यले ना मंग? आता झाकाचं काय कारण?"

कुलदीपच्या हातातलं फडकं थांबलं.

प्राचीच्या मानेवर, डाव्या कानाखाली, रुपयाएवढा पांढरा डाग होता. बारावीत असताना तो ज्वारीच्या दाण्याएवढा उमटला, पुढे वाढला आणि मग तिथेच थांबला. डॉक्टर म्हणाले, याचा त्रास काही नाही आणि हा कुणाला लागतही नाही. गावानं मात्र आपापलं निदान केलं. प्राची रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करायची. सुई टोचायला ती वाकली की लोक सुईकडे बघायचं सोडून डागाकडे बघायचे. "बरंच हाये," ती घरी येऊन हसत सांगायची, "दुखत नाही त्याहीले मंग."

पण दोन स्थळं आली आणि चहापोहे खाऊन परत गेली, तेव्हा ती हसली नव्हती. दुसऱ्या वेळच्या बाईनं तिला उजेडात उभं केलं, पदर सरकवून डाग बघितला आणि नंतर आपली बोटं लुगड्याला पुसली. शेषरावांनी ते पाहिलं. ते भेंडी-वांगी पिकवणारे, बाजारात गिऱ्हाइकाला किडकं वांगं स्वतःहून बाजूला काढून देणारे गृहस्थ. घरात मात्र मुलीच्या डागाबद्दल त्यांच्या तोंडून कधी शब्द निघायचा नाही. ते गेले कुलदीपकडे.

"आता जो फोटो द्याचा, तो डाव्या बाजूनं काढ," ते म्हणाले होते. "डाग चांगला दिसला पाह्यजे. मले तोंडानं सांगाले जमत नाही, फोटो सांगीन. ज्याले चालत नशीन त्यानं आपल्या घरूनच नाही म्हणावं. माह्या पोरीले दारात उभं करून आता कोणी नाही म्हणू नये."

बापानं मुलाच्या धंद्यावर भरवसा टाकला, तो हा पहिलाच. एरवी कुलदीपचा कॅमेरा म्हणजे त्यांच्या लेखी रिकामटेकड्याचं खेळणं. पोरगं मळा सोडून दोन वर्षं खामगावला महादेवरावांच्या स्टुडिओत काम शिकायला गेलं, तेव्हा ते महिनाभर त्याच्याशी बोलले नव्हते. बाजू घेतली होती ती ताईनं. कुलदीप उजेड-सावली शिकला तोही ताईच्याच चेहऱ्यावर, स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी तिला तासन्‌तास बसवून. तिच्या मानेवरचा डाग त्यानं इतक्या वेळा टिपला होता की त्याला तो दिसेनासाच झाला होता.

हा फोटोही त्यानं त्याच खिडकीत काढला. डावी बाजू, स्वच्छ उजेड, डाग ठळक. फोटो चांगला आला होता. घोळ पुढे झाला.

महादेवराव जुन्या वळणाचे. फोटोला हात लावण्याआधी गिऱ्हाइकाला विचारायचे, "तीळ ठेवू का काढू?" आणि पुष्कळ लोक म्हणायचे, "राहू द्या, माह्या मायले बी होता." कुलदीपनंही स्टँडजवळ स्वतःचा स्टुडिओ टाकला तेव्हा पहिले काही महिने असंच विचारलं. पण आता विचारायला वेळ कुणाला आहे? लोक बसायच्या आधीच म्हणतात, "साफ करून दे बे." मुरुम, देवीचे वण, काळेपणा, सगळं साफ. संगणकात एका फोल्डरमध्ये सगळे चेहरे टाकायचे, बटण दाबायचं आणि समोरच्या टपरीवर चहा प्यायला जायचं. परत येईपर्यंत अख्खं वऱ्हाड गोरंगोमटं झालेलं असतं. त्या दिवशी एका लग्नाचे फोटो चालू होते आणि ताईचा फोटो त्याच फोल्डरमध्ये पडला. चहा पिऊन आल्यावर कुलदीपनं तो मोबाईलवर घेतला आणि रंगरावमामाला पाठवून दिला. स्थळ मामानंच आणलं होतं.

दोन दिवसांनी मामाचा फोन आला. "लय झकास आली बे पोरगी फोटोत. येतो म्हणतात रविवारी." तेव्हा कुलदीपनं फोटो उघडून मोठा केला. मान कोरी होती. डागाचा मागमूस नव्हता.

त्याच वेळी सांगायला हवं होतं. पण घरी आला तर शेषराव ओसरीला चुना देत होते आणि शेजाऱ्याला सांगत होते, "फोटो पाहून येऊन राह्यले. असे बी लोक असतात गा." कुलदीप हातपाय धुवायला मागे गेला. उद्या सांगू म्हणाला. उद्याचा परवा झाला. रोज सकाळी तो ठरवायचा आणि रोज बापाचा उजळलेला चेहरा बघून गप्प बसायचा. चुकीपेक्षाही दुसऱ्याच एका गोष्टीची त्याला भीती वाटत होती. मामाला पाठवताना त्यानं फोटो बघितला होता. नीट बघितला होता. आणि ताई त्यात सुंदर दिसते, असं त्याला वाटलं होतं.

फडकं खुर्चीवर टाकून तो स्वयंपाकघरात गेला. प्राची कोथिंबीर चिरत होती. अंबाडा, निळी साडी, मान उघडी.

"ताई, एक सांगाचं होतं. फोटोचं."

"माहीत हाये मले." तिनं मान वर केली नाही. "मामानं मले बी पाठवला. पाह्य म्हणे, कशी दिसून राह्यली."

"मंग बोलली काऊन नाही?"

"तू बोलशीन म्हणून वाट पाह्यली. तू काही सांगतलं नाही. म्हटलं, त्याले बी तशीच बरी वाटत असन."

"तसं नाही व ताई. ते सॉफ्टवेअरनं..."

"मामाले बी सॉफ्टवेअरनंच पाठवला का?"

तिनं चिरलेली कोथिंबीर पोह्यांवर पसरली आणि सुरी धुवायला घेतली.

"बाबाले आता सांगू नको," ती म्हणाली. "पाहुण्याईले म्याच सांगीन. बाहेर येतो, त्याहीच्या समोर बसतो, दोन गोष्टी बोलतो आन् मंग सांगतो. माह्या तोंडानं. तू मधात पडू नको, समजलं का?"

"हाव," तो म्हणाला, आणि तेवढ्यात दारात गाडीचा हॉर्न वाजला.

रंगरावमामांमागून पाहुणे आत आले. मुलगा ज्ञानेश्वर अंगानं बारीक, कृषी सेवा केंद्र चालवणारा, खुर्चीच्या कडेवर बसला. त्याचे वडील टोपी मांडीवर ठेवून छताकडे बघू लागले. आई रुक्मिणीबाई ऐसपैस बसल्या. पाणी झालं, रस्त्यातले खड्डे झाले, सोयाबीन झालं. कुलदीप खांबाला टेकून उभा होता. आता कुणी फोटोचं नाव काढू नये, एवढंच तो मनात घोकत होता.

"फोटो पाह्यला तवाच म्या म्हटलं," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "पोरी पाहून पाहून थकलो बाप्पा आमी. हे पाह्यली आन् म्हटलं, जाऊ."

शेषरावांचे डोळे भरून आले. "तुमचं मन लय मोठं हाये. कोनी चालवून घेत नाही, बाई. तुमी फोटो पाहून बी आले."

"चालवून घ्याचं काय त्यात?" त्या हसल्या. "न चालाले काय झालं पोरीले?"

"तेच तं म्हणतो मी. काहीच नाही झालं. डॉक्टर बी तेच म्हणतात."

"डॉक्टर?" रुक्मिणीबाईंचं हसू तिथंच अडकलं.

शेषराव समाधानानं मान हलवत होते. पुढच्या वाक्याला ते तोंडघशी पडणार होते, आणि ते बघणं कुलदीपला सोसेना. ताईला दिलेला शब्द त्याला आठवला. तरी तो पुढे झाला.

"फोटोत डाग नाही," तो म्हणाला. "खरा हाये. मानेवर, पांढरा. माह्याकडून निघाला तो."

"निघाला मंजे?"

मग तो बोलतच सुटला. फोल्डर, बटण, लग्नाचे फोटो, चहा. ऐकत कुणीच नव्हतं. मुलाच्या वडिलांनी टोपी डोक्यावर ठेवली. मामा म्हणाले, "मले तरी सांगाचं बे." शेषराव कुलदीपकडे बघत राहिले.

"म्या त्याले डाव्या बाजूनंच काढ म्हटलं होतं," ते पाहुण्यांना म्हणाले. मग त्यांनी तेच पुन्हा सांगितलं.

"पोरगं खरं बोललं, बरं झालं," रुक्मिणीबाई उठत म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, सुटल्यासारखं काहीतरी होतं. "आता पोरीले काऊन तरास द्याचा? येतो आमी."

"बसा," दारातून प्राची म्हणाली. "पोहे झाले."

लॅबमध्ये 'मूठ आवळा' म्हणते, त्याच आवाजात ती बोलली होती. रुक्मिणीबाई बसल्या आणि त्या बसल्या म्हणून बाकीचेही बसले. प्राचीनं हातातला ट्रे पुढे आणला. एकेकाच्या समोर ती वाकली आणि बशी दिली. दारातून येणारा सगळा उजेड तिच्या मानेवर पडत होता. तिनं घाई केली नाही. ज्ञानेश्वरनं एकदा डागाकडे बघितलं, मग तिच्या तोंडाकडे, आणि लगेच बशीत मान घातली.

"चांगले झाले पोहे," तो पुटपुटला. आईनं त्याच्याकडे बघितलं, तसा त्यानं पुढचा घास घेतला.

"मिरची जास्त पडली थोडी," प्राची म्हणाली.

जाताना रुक्मिणीबाई "कळवतो" म्हणाल्या. कळवतो म्हणजे काय, ते या घराला पाठ होतं.

गाडी वळणापलीकडे गेली. शेषरावांनी इस्त्रीचा सदरा उतरवून खुंटीला टांगला आणि मळ्यातला जुना अंगात चढवला.

"एकच काम सांगतलं होतं तुले," ते कुलदीपला म्हणाले आणि वांग्यांना पाणी सोडायला निघून गेले. ते ओरडले असते, तर कुलदीपला बरं वाटलं असतं.

प्राची स्वयंपाकघरात बशा विसळत होती. सिंधूताई पदरानं डोळे पुसत कोपऱ्यात बसल्या होत्या. कुलदीप दाराशी घुटमळला.

"ताई, बाबाचं पाहवलं नाही मले. म्हणून सांगून टाकलं."

"हाव. तुले मोकळं वाटलं असन."

"तसं नाही..."

"मी तिथं जाऊन बसणार होती, कुलदीप. त्याहीनं पह्यले मले पाहावं, एवढंच होतं माहं. मंग म्हणाचं ते म्हणोत." तिनं बशी पालथी घातली. "फोटोत तू डाग काढला. आज तं मलेच काढलं."

बाहेर जाऊन त्यानं पिशवीतून कॅमेरा आणला. त्याला दुसरं काय येत होतं?

"दुसरा काढतो, ताई. आत्ता उजेड चांगला हाये. काही करत नाही त्याले. जसा येईन तसाच मामाले पाठवतो."

"नको," ती म्हणाली.

तिनं हात पुसले, फळीवरचा स्वतःचा मोबाईल घेतला आणि ती खिडकीपाशी गेली. त्यानं शिकवलं होतं तशीच उभी राहिली, अंग आत आणि चेहरा उजेडाकडे. मग डावी बाजू पुढे केली आणि मोबाईल धरलेला हात लांब केला.

"बाजूले हो. तुही सावली पडून राह्यली."

कुलदीप भिंतीला जाऊन टेकला. तिनं एक फोटो काढला, तो दोन बोटांनी मोठा करून बघितला आणि पुन्हा हात लांब केला.

हनुवटी जराशी खाली हवी होती. तो बोलला नाही.