रांजणातलं रान

मी एक जुना रांजण आहे, मित्रांनो. पुंडलिकनगरातल्या एका घराच्या फाटकामागे, सावलीच्या कोपऱ्यात बसून असतो. पोटाला उभी चीर गेली आहे, काठाचा टवका उडाला आहे. माझ्यापाशी कुणी थांबावं असं आता काही उरलेलं नाही. पण तुम्ही थांबलाच आहात, तर ऐका.

केसरबाई लग्न होऊन आल्या, त्या वर्षी त्यांनी मला लासूर स्टेशनच्या बाजारातून घेतलं. टिचक्या मारमारून माझा आवाज ऐकला आणि मगच पसंत केलं. शेतात बांधावरच्या कडुलिंबाखाली मला निम्मं जमिनीत पुरलं. तिथे माझा काय रुबाब होता म्हणून सांगू! जाणारा-येणारा वाट वाकडी करून पाणी प्यायला यायचा आणि माझ्या गार पाण्याची तारीफ करायचा. मी आपला मनातल्या मनात फुगायचो.

मग त्या शेतातून मोठा रस्ता गेला. लिंब गेला, गोठा गेला. केसरबाईंचा मुलगा राजकुमार इथे कंपनीत नोकरीला होता, तो आईला शहरात घेऊन आला. टेम्पोत मला भांड्याकुंड्यांत कोंबलं होतं. वाटेत एक खड्डा लागला आणि माझं पोट चिरलं. झालं! पाणी न धरणारा रांजण कुणाला हवा? घरात फ्रिज होताच. राजकुमार म्हणाला, टाकून देऊ.

केसरबाईंनी टाकू दिलं नाही. येताना त्यांनी तेलाचा एक डबा फडक्यात गुंडाळून मांडीवर आणला होता. त्यात त्यांच्या उकिरड्याच्या बुडाची काळी माती होती आणि त्या मातीत लाल गांडुळं. शेतातलं जितंजागतं एवढंच त्यांच्या हाती लागलं होतं. त्यांनी माझ्या तळाशी विटांचे तुकडे घातले, त्यावर नारळाच्या शेंड्या, शेण, वाळका पाला, आणि वरून तो डबा उपडा केला. तोंडावर ओलं गोणपाट टाकलं. जास्तीचं पाणी चिरेतून निघून जायचं. ज्या चिरेनं मला निकामी केलं, तीच कामाला आली बघा.

भाजीची देठं, केळीच्या साली, चहाचा चोथा, सगळं माझ्या पोटात यायचं. मीठ आणि लोणचं मात्र कधी नाही. रोज सकाळी तांदूळ धुतलेलं पाणी केसरबाई स्वतःच्या हातानं शिंपडायच्या. गल्लीनं आधी नाकं मुरडली. म्हातारीनं मांजर पाळायचं सोडून किडे पाळलेत, असं शेजारचे बद्रीनाथ चारचौघांत म्हणायचे. फाटकालगतची जमीन म्हणजे नुसता बांधकामाचा मुरूम, कुदळ मारली तर उडून यायची. केसरबाई त्यात माझ्यातलं खत कालवत राहिल्या. हळूहळू ती जमीन हातानं उकरावी इतकी भुसभुशीत झाली. भेंडी आली, कढीपत्ता आला. मग हेच बद्रीनाथ घमेलं घेऊन खत मागायला हजर!

दुपारी केसरबाई माझ्यात हात घालून बसायच्या. गांडुळं बोटांवरून फिरायची. "आपलं रान हाय हे," असं त्या सुनेला, मंजुषाला सांगायच्या. मंजुषा हसायची नाही, हे मी मुद्दाम सांगतो.

यंदा मे महिन्यात केसरबाई पायरीवरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात नेताना रिक्षात बसवलं, तरी त्यांची मान माझ्याकडेच.

"मंजू, माझ्या लेकरायला तहानलेलं ठेवू नको," त्या म्हणाल्या.

मंजुषाची घर आणि दवाखाना अशी धावपळ सुरू झाली. घरी भात शिजेना, मग तांदळाचं पाणी कुठून येणार? गोणपाट वाळून कडक झालं. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, मित्रांनो. येतं त्या दिवशी गल्लीभर ड्रम घासायची घाई उडते. मंजुषानं ब्लीचिंग पावडर लावून ड्रम घासला आणि खळबळून ते पाणी बादलीत काढलं. आमच्या शहरात ड्रम धुतलेलं पाणीसुद्धा कुणी गटारात ओतत नाही, झाडाला घालतात. तिला सासूचं बोलणं आठवलं. तिनं ती बादली मोठ्या मायेनं माझ्यात रिकामी केली.

वासावरूनच मला कळलं. पण करतो काय? एवढं मोठं तोंड असून एक शब्द फुटेना. गांडुळं जीव घेऊन माझ्या अंगावरून वर चढू लागली. काही चिरेतून बाहेर पडली ती तापलेल्या फरशीवर. संध्याकाळपर्यंत माझ्या पोटात कुणी हललं नाही. दुसऱ्या दिवशी मंजुषानं गोणपाट उचललं आणि ती दोन्ही हातांनी माती उकरत राहिली. राजकुमार म्हणाला, नर्सरीतून दुसरी आणून टाकू, आईला कळायचं नाही.

केसरबाई वॉकर टेकत आल्या, त्या आधी माझ्याकडे. हात घातला. बराच वेळ काढला नाही. मंजुषानं रडत रडत सगळं सांगून टाकलं.

"रडू नको माय. तू तहानलेल्याला पाणीच दिलं, जहर नाय दिलं." मग हात पदराला पुसून त्या राजकुमारला म्हणाल्या, "आण दुसरी. झाडाला खत व्हईल. माझं रान मात्र गेलं आता."

आता शेजारी निळ्या टबात नवी गांडुळं आहेत. गुणाची आहेत बिचारी, त्यांचा काय दोष? मंजुषा त्यांना पाणी घालण्याआधी दर वेळी बादलीचा वास घेते. माझ्यातली माती केसरबाईंनी कुणाला काढू दिलेली नाही. सकाळी तांदळाचं पाणी आणतात, अर्धं टबात ओततात आणि अर्धं माझ्यात.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणीतरी असं काही जपत असेल. त्याची देखभाल तुमच्यावर आली, तर त्याला काय चालतं नि काय चालत नाही, हे आधी नीट विचारून घ्या. नुसती माया पुरत नाही. मला स्वतःसाठी काही मागायचं नाही. ओतलेलं पाणी चिरेतून निघून जातं, मला सगळं धरता येत नाही. पण दुपारी केसरबाई अजूनही हात घालून बसतात, म्हणून होईल तेवढी ओल मी धरून ठेवतो.