आप्पांची चंदेरी कुदळ

मी कुदळ बोलतेय. साधी नव्हे, चंदेरी. दांड्याला लाल साटीनची फीत. तुम्ही मला पाहिलेलं असणार. पेपरात, आतल्या पानावर, मधल्या माणसाच्या हातात. तो माणूस म्हणजे आमचे आमदार मन्मथआप्पा. फोटोखाली त्यांचं नाव असतं, शेजारी उभ्या असलेल्या सगळ्यांचं असतं. माझं कधी आलं नाही. असो.

जन्म माझा हदगावचा. ट्रकच्या कमानपाट्याचं लोखंड तापवून एका लोहारानं मला घडवलं. तो गिऱ्हाइकाला सांगायचा, ही कुदळ काळ्या दगडाला नुसती दाखवा, दगड आपणहून बाजूला सरकतो. हे थोडं वाढवून सांगितलेलं होतं. दगड सरकायचा, पण दोन-चार घाव खाऊन.

पहिला मालक ग्यानोबा. विहिरी खोदायचा. त्याच्या हातात मी पाण्यापर्यंत गेलेली कुदळ आहे, हे मुद्दाम सांगते, कारण त्यानंतर कितीतरी वर्षं मी जमिनीत बोटभरही गेले नाही.

झालं असं, की आप्पा तेव्हा नुसते सरपंच होते. उदगीरच्या बाजारात भुसार मालाचं दुकान, घरी बोलणं कानडी, बाहेर मराठी. गावच्या रस्त्याचं भूमिपूजन होतं. नारळ आला, हार आला, पूजा सांगायला जंगम आले, कुदळ राहिली. शेजारच्या विहिरीवरून मला पळवत आणलं. आप्पांनी मला जमिनीला टेकवलं आणि त्याच वर्षी ते जिल्हा परिषदेवर निवडून आले.

"गुणाची हाय ही," आप्पा म्हणाले. "हिला सोडायचं न्हाई."

ग्यानोबाला नवी कुदळ मिळाली आणि वर शाल. शाल पांघरून विहीर खोदता येत नाही, पण सत्काराच्या वेळी त्यानं तसं बोलून दाखवलं नाही.

मला चंदेरी रंग दिला. गाडीच्या डिकीत मखमलीची पेटी आली. आणि एक नियम आला. माझ्या आधी खात्याची माणसं जागेवर पोचायची, माती चाळून तिचा मऊ ढीग करायची, म्हणजे आप्पांच्या मनगटाला हिसका बसू नये. त्या ढिगात मी दोन बोटं जायचे. फोटो निघायचा. मी बाहेर.

जेसीबीचंही तेच. साऱ्या मतदारसंघात तो एकच होता. झेंडूची माळ घालून, लग्नातल्या बँडसारखा या गावाहून त्या गावाला जायचा, दोन मिनिटं घुरघुरायचा आणि माळ सुकायच्या आत पुढच्या गावाला निघायचा.

आप्पांच्या कारकिर्दीबद्दल लोक काहीबाही बोलतात. मी जवळून पाहिलंय, म्हणून सांगते. आमदारकीच्या पहिल्या खेपेला त्यांचं धोरण रस्ते होतं, दुसऱ्या खेपेला पाणी. तिसऱ्या खेपेला ते किनवटकडच्या एका वसतिगृहात चादरी वाटायला आणि नव्या खोलीचं भूमिपूजन करायला गेले. तिथं एका मुलीनं त्यांना विचारलं, "आमच्या नाल्यावर पूल असता तर मी घरीच राहून शिकले असते ना, सायेब?" आप्पांचे डोळे भरून आले. खरे भरून आले. मी हातातच होते. तेव्हापासून त्यांचं धोरण एकच: मुलींची शाळा आणि शाळेच्या वाटेवरचा पूल. विधानसभेत त्यांनी लक्षवेधी मांडली, पुरवणी मागण्यांवर बोलले, सचिवांच्या दारात बसून पूल मंजूर करून घेतले.

ते खोटं बोलत नसत. त्यांची अडचण वेगळीच होती. नारळ फुटला की आप्पांना मनापासून वाटायचं, काम झालं. एकदा नांदेडला जाताना ते ड्रायव्हरला म्हणाले, "त्या नव्या पुलावरून घे की गाडी."

"आप्पा, त्याचं भूमिपूजन झालंय फक्त."

आप्पा मुखेड येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

तर लिंबाळवाडी. नाल्याच्या अलीकडे गाव, पलीकडे हायस्कूल. या एका पुलाचं भूमिपूजन दोनदा झालेलं. दोन कोनशिला काठावर उभ्या होत्या. एकीवर बाया कपडे आपटायच्या, दुसरीवर शेळी चढून उभी राहायची. आता तिसऱ्यांदा मंडप पडला, कारण मधल्या काळात पुलाची उंची वाढवून नवी मान्यता आली होती.

तिथल्या सरपंच लक्ष्मम्मा. माहेर बिदरकडचं, त्यामुळे मराठी नि कानडी दोन्ही जिभेवर. नात शिल्पा सातवी पास झालेली. मी पूजेच्या ताटात पडले होते तेव्हा शिल्पाचा बाप आपल्या आईला, म्हणजे लक्ष्मम्मांना, म्हणाला ते मी ऐकलं.

"आई, सांगून ठेवतो. नाल्याला पाणी आल्यावर पोरगी पलीकडं अडकून बसलेली मला चालायची न्हाई. आज काम सुरू झालं तर शाळा. न्हाईतर उद्यापासून ती घरी."

"सुरू व्हायलंय की. मंडप दिसंना का तुला?"

"मंडप दोनदा बघितलाय, आई."

लक्ष्मम्मांनी मंडपाबाहेर पाहिलं. जेसीबी माळ घालून उभा होता, आणि त्याचा ड्रायव्हर विचारत होता, पुढच्या गावचं किती वाजता हाय. मग त्या बायांच्या घोळक्यात गेल्या आणि काहीतरी कुजबुजल्या. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मी अशा पुष्कळ सभा पाहिल्यात. सभेआधी बाया हसल्या की मला काळजी वाटते.

खात्याचे अभियंता नवीन होते. वीरेश नाव, अक्कलकोटकडचे, घरची भाषा कानडी. आमच्याकडे बदलून आल्याला आठवडाही झाला नव्हता. चाळलेल्या मातीचा ढीग जिथं करायचा तिथं न करता लक्ष्मम्मांनी तो पुलाच्या पायासाठी चुन्याची फक्की टाकून आखलेल्या रेघेवरच करायला लावला, तरी वीरेश साहेबांना काही वाटलं नाही. सावली तिथं बरी होती.

आप्पा उभे राहिले. मुलींच्या शिक्षणावर सुरेख बोलले. मग शेवटी त्यांनी दर वेळेसारखं विचारलं, "मायबहिणींनो, पूल पाहिजे का न्हाई?"

"हाव!" बाया ओरडल्या. आमच्याकडे होकार असाच देतात. पण एरवी तो तोंडातल्या तोंडात असतो. आज तो लांबलचक होता, आणि प्रत्येकीचं बोट आप्पांच्या पायाशी होतं. "हाव! हाव! हाऽऽव!"

आता वाचकांपैकी ज्यांना कानडी येत नाही त्यांच्यासाठी सांगते. कानडीत हावु म्हणजे साप.

वीरेश साहेब जागच्या जागी उडाले. "हावु? एल्लि? कुठंय?"

"हितंच की, सायेब!" फक्कीच्या रेघेकडे बोट करून लक्ष्मम्मा म्हणाल्या. "आप्पांच्या पायाखाली!"

साहेबांनी आप्पांना ढकललं, माझा दांडा हिसकावला आणि हाणायला सुरुवात केली. ढीग उडाला. खालची जमीन लागली. मुरूम लागला. कितीतरी वर्षांनी मला जमीन लागली. चंदेरी रंगाचे पोपडे उडत होते आणि वीरेश साहेब डोळे मिटून घाव घालत होते. जमिनीत एक भोक दिसलं. ते माझ्याच टोकाचं होतं, पण त्यांना ते बीळ वाटलं.

"बिळात गेला! जेसीबी आणा! जेसीबी!"

जेसीबीचा ड्रायव्हर पुढच्या गावाला निघालेला, तो माळेसकट वळला. पण पंजा टेकवायच्या आधी त्यानं आप्पांकडे पाहिलं. सगळा गाव आप्पांकडे बघायला लागला. मोबाइल वर झालेले.

आप्पा खुर्चीवर उभे होते. कानडी त्यांची घरची भाषा. काय चाललंय ते त्यांना केव्हाच कळलं होतं. एक शब्द बोलले असते तर सगळे हसले असते, साहेबांची फजिती झाली असती आणि जेसीबी पुढच्या गावाला गेला असता. त्यांनी लक्ष्मम्मांकडे पाहिलं. लक्ष्मम्मांनी नजर वळवली नाही. शिल्पा आजीच्या मागे उभी होती. तिचा बाप बाजूला, हाताची घडी घालून.

"आप्पा," वीरेश साहेब कळवळून म्हणाले, "हावु?"

आप्पांनी कोटाचं बटण लावलं. "हाव," ते म्हणाले.

हे त्यांनी कुठल्या भाषेत म्हटलं, ते आजवर कुणाला कळलेलं नाही.

जेसीबीनं दुपारभर साप शोधला. साप मोठा हुशार निघाला. तो बरोबर फक्कीच्या रेघेरेघेनं पळत होता. संध्याकाळपर्यंत पायाचा खड्डा सरळ, चौकोनी, नकाशाबरहुकूम तयार झाला. वरच्या साहेबांचा फोन आला, जेसीबी कशाला अडवून ठेवलाय म्हणून. वीरेश साहेबांनी खड्ड्याकडे पाहिलं, कपाळावरचा घाम पुसला. सरकारी माणूस फोनवर साप म्हणू शकत नाही.

"सर, काम सुरू झालंय."

एकदा सुरू झालेलं काम बंद करायचं तर कारण लेखी द्यावं लागतं. कारण देणं कुणालाच परवडण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या दिवशी खडी आली.

"लक्ष्मम्मा," निघताना आप्पा हळूच म्हणाले, "तुम्ही विधानसभेत पाहिजे होतात."

"नको बाबा, आप्पा. तिथं पूल कुठं बांधायचाय?"

माझा दांडा त्या धांदलीत मोडला होता. मी खड्ड्याच्या तळाशी पडले होते, आणि मला वर काढायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही. वरून सळया आल्या, मग सिमेंटची रबडी. मी गुदमरेन असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. कमानपाट्याचं लोखंड सोशिक असतं.

सध्या माझा मुक्काम लिंबाळवाडीच्या पुलाच्या अलीकडच्या खांबाखाली. इथं अंधार आहे, फोटो निघत नाही. सकाळी शाळेच्या वेळी वरून पावलं जातात. शिल्पाची ओळखू येतात. ती शेवटी येते आणि पळत जाते. बाकीच्या मुली वेळेवर निघतात.

पुलावर उभं राहून लोक बोलतात, ते खाली ऐकू येतं. आप्पांच्या कारकिर्दीचं प्रदर्शन भरवायचं चाललंय म्हणे. शाली, स्मृतिचिन्हं, विधानसभेतल्या भाषणांचे फोटो असं सगळं मांडून झालंय, आणि आता ती जुनी चंदेरी कुदळ कुठाय म्हणून कार्यालयातून विचारणा व्हायलीय. लक्ष्मम्मांनी सांगितलं, ठाऊक न्हाई.

तुम्हाला आता ठाऊक झालंय. तेव्हा हात जोडून एवढंच मागणं, की कुणाला सांगू नका. मला बाहेर काढायचं तर पूल पाडावा लागेल, आणि पूल पाडला म्हणजे पुन्हा भूमिपूजन आलं.