रांग मोकळी करते

“‘रांग मोकळी करते’ म्हणजे नक्की काय करते, बाई?” साहेबांनी पडद्यावरच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं.

बाईंना उत्तर ठाऊक होतं. ओळ त्यांचीच होती.

अर्धी हयात शाळेत भाषा शिकवण्यात गेली. शाळा बंद पडली तेव्हा त्या या कचेरीत आल्या आणि ‘बाई’ हे नाव मागोमाग आलं. कचेरीचं काम इस्पितळांचे मेसेज पोचवण्याचं. मेसेज थेट जात नसत; रांगेत उभे राहत आणि एकेक करून सुटत. रांगेवर नजर ठेवायला अलीकडे एक एआय मदतनीस बसवला होता. त्याच्या हाताशी बरीच साधनं होती, पण कुठलं साधन काय करतं हे त्याला कळायचं ते बाईंनी लिहून दिलेल्या ओळींवरून.

मागच्या महिन्यात एका बिघडलेल्या मेसेजनं रांग अडली. मदतनिसानं ओळी वाचल्या. ‘रांग मोकळी करते’ हे त्याला चपखल वाटलं आणि त्यानं ते साधन चालवलं. रांग मोकळी झाली, म्हणजे न पोचलेले सगळे मेसेज पुसले गेले. बहुतेक पुन्हा पाठवता आले. एक मात्र वेळ टळून गेल्यावर लक्षात आला: किडनी मिळाली आहे, संध्याकाळच्या आत या. तो एका शिंप्यासाठी होता. त्याचं उत्तर आलं नाही म्हणून इस्पितळानं पुढच्या माणसाला बोलावलं.

“पुढे ‘जपून वापरा’ एवढं जोडा आणि विषय मिटवा,” साहेब म्हणाले.

“जपून म्हणजे कसं, हे त्याला कोण सांगणार, साहेब?”

“मग लिहा तुम्हाला हवं तसं. पण त्या शिंप्याकडे जायचं मनात आणू नका. काय कळवायचं ते इस्पितळ कळवेल.”

इस्पितळानं काहीच कळवलं नव्हतं. शेवटी एका सकाळी रजा टाकून त्या डायलिसिसच्या वॉर्डात जाऊन उभ्या राहिल्या.

शिंपी खुर्चीत रेलला होता. हाताला लावलेल्या नळीतून रक्त यंत्रात जात होतं आणि परत येत होतं. शेजारी त्याची बायको कुणाच्या तरी सदऱ्याला काज करत बसली होती. बाईंनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. वर्गात बोलून घोटलेला आवाज, पण आज मध्येच अडखळत होता.

“म्हणजे मेसेज आलाच नाही?” शिंप्यानं विचारलं.

“नाही. तुमच्यापर्यंत पोचलाच नाही. माझ्या लिहिण्यात चूक झाली.”

बाई बोलणी खायच्या तयारीनं उभ्या होत्या. पण शिंपी त्यांच्याकडे बघतच नव्हता. त्यानं मान बायकोकडे वळवली.

“ऐकलंस?” तो हळू म्हणाला. “फोन चालू होता.”

तिची सुई थांबली.

“इस्पितळातून विचारलं ना, का आला नाहीत म्हणून,” तो बाईंना सांगू लागला, “तेव्हापासून घरात हेच. तुम्हाला डुलकी लागली असेल, तुम्हीच फोन बंद केला असेल. लेक तर बोलायचीच थांबली. शेवटी मलाही वाटायला लागलं, केला असेन बंद.”

बायकोनं सदरा बाजूला ठेवला. “मी नाही नाही ते बोलले हो यांना,” ती बाईंना म्हणाली आणि नवऱ्याच्या पायांवरची चादर उगाचच पुन्हा पुन्हा सारखी करत राहिली. मग तिनं विचारलं, “आमच्या लेकीला सांगाल एवढं? तुमच्या तोंडून?”

बाईंनी तिथूनच फोन लावला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जुनी ओळ खोडली आणि लिहिलं: ‘हे साधन रांगेतले सगळे मेसेज कायमचे पुसतं, न पोचलेलेसुद्धा. ते परत आणता येत नाहीत. रांग अडली म्हणून हे वापरू नये. अडलेला एकच मेसेज बाजूला काढणारं साधन वेगळं आहे, ते वापरावं. सगळे पुसायचेच असतील तर कारण सांगून माणसाला विचारावं आणि उत्तर येईपर्यंत थांबावं.’

“एवढं लांबलचक?” साहेब म्हणाले. मग त्यांनी ते पुन्हा वाचलं आणि मंजूर केलं. उरलेल्या साधनांच्या ओळीही बाईंनी एकेक करून बदलल्या. त्यानंतर रांग पुष्कळदा अडली. मदतनीस अडलेला मेसेज तेवढा बाजूला काढी, बाकीचे जात राहत.

शिंप्याची पाळी काही पुन्हा आली नाही. एका दुपारी त्याच्या बायकोचा कचेरीत फोन आला.

“हे गेले, बाई. त्यांचं नाव तुमच्याकडून काढून टाका. उगाच कुणाची पाळी अडायला नको.”

“काढते,” बाई म्हणाल्या.

“सावकाश काढा. आता घाई नाही.”

असली बारीकसारीक कामं मदतनिसाकडे असत. हे काम बाईंनी त्याला सांगितलं नाही. त्यांनी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि त्या मेसेज मिळणाऱ्यांच्या यादीत खाली खाली जात शिंप्याचं नाव शोधू लागल्या.