कापसाच्या खोलीतला प्रोसेसर

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि कल्पना करा. एका घरात तुम्ही वर्षानुवर्षे राबला आहात. तुमच्यावाचून कोणाचे पान हलत नव्हते. आणि एके दिवशी तुमच्याच देखत घरातली माणसे विचारू लागतात, की याच्या जागी आता कोणाला आणायचे? कसे वाटेल? मग माझी गोष्ट तुम्हाला नक्की कळेल.

मी एक जुना प्रोसेसर आहे. गेवराई तालुक्यातल्या उमापूर गावात, अंगदरावांच्या घरी, संगणकाच्या पेटीत मी राहतो. आकाराने बिस्किटाएवढा. पण संगणकाची सगळी आकडेमोड मीच करतो, म्हणून लोक मला त्याचा मेंदू म्हणतात. काम करताना मी तापतो. मला वारा घालायला माझ्या डोक्यावर एक छोटा पंखा बसवलेला आहे. हा पंखा तेवढा ध्यानात ठेवा.

माझी कंपनी कोणती, हे मात्र मी सांगणार नाही. आमच्यात इंटेल आणि एएमडी अशी दोन मोठी घराणी आहेत. मी एकाचे नाव घेतले, तर तुम्हीही लगेच गट पाडाल. आमच्या घरात तसेच झाले.

मी आलो तेव्हा काय कौतुक होते माझे! घरधनीण सत्यशीलाबाईंनी पेटीला हळदकुंकू लावले. दसऱ्याला विळ्याकोयत्यांच्या शेजारी मलाही झेंडूचे फूल मिळे. त्यांची थोरली लेक स्वप्नाली माझ्यावरच आधी अक्षरे आणि मग चित्रे शिकली. धाकटी दिपाली दाराला टेकून बघत राही. तिने हात पुढे केला, की थोरली ओरडायची, "तू न्हाई हात लावायचा. बिघडवशील!" मग दिपाली ओठ मुडपून ताईकडे बघायची. ती नजर तेव्हा मला कळली नव्हती.

यंदा तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी स्वप्नालीने गुलाबी बोंडअळीचे चलचित्र करायला घेतले. अंडे, अळी, कोष, पतंग, सगळे हलताना दाखवायचे होते. शनिवारी प्रदर्शन, आणि मी मात्र अळी फुलापर्यंत पोहोचण्याआधीच अडून बसू लागलो. अंग तापायचे, पाय उचलायचा नाही.

"आप्पा, हे लई म्हातारं झालंय," स्वप्नाली अंगदरावांना म्हणाली. "माझं काम शनिवारपर्यंत व्हायचं न्हाई."

हे ऐकून चुलते सोमेश्वर पुढे सरसावले. "इंटेल घ्या. हापिसात बघा, जिकडंतिकडं तेच हाय."

सत्यशीलाबाईंचे भाऊ बंकटमामा पाहुणे आले होते. ते हसले. "पाव्हणं, हापिसात बसून पोरीला डुलक्या काढायच्यात का? तिला चित्रं हलवायचीत. एएमडीच पायजे."

"तुमाला काय कळतंय त्यातलं?"

"तुमच्याइतकंच!"

रोज हेच. जेवताना, गुरांना चारा टाकताना, दोघांचे तेच. एकाच्या वेगाचे गोडवे, दुसऱ्याच्या ताकदीचे गोडवे. माझे नाव कोणी घेईना. परक्या घराण्याचे कौतुक मी एकवेळ सोसले असते. पण दुसरा माझ्याच घराण्यातला धाकटा! भावाच्या कौतुकासारखे काही बोचत नाही, मित्रांनो. दोघेही वाटेतच बिघडावेत, असे मी मनात म्हटले. लाज वाटते, पण म्हटले.

अंगदरावांना कापूसवेचणीतून सवड नव्हती. त्यांनी लग्नघरात करतात तसा निवाडा केला. "हे बघा, मदरबोर्ड काका आणतील आन् प्रोसेसर मामा. दोघांचाबी मान राहील."

मदरबोर्ड म्हणजे आम्ही ज्यावर बसतो ती पाटी. काकांनी हौसेने आणली. मामांनीही हौसेने खोके आणले. दोघांनी एकमेकांना एका शब्दाने विचारले नाही.

स्वप्नालीने नवा प्रोसेसर पाटीवर धरला. बसेना. पाटी इंटेलची, प्रोसेसर एएमडीचा. दोन्ही घराण्यांची बैठक निराळी.

"जरा दाब की," मामा म्हणाले.

"मामा, न्हाई! टोकं वाकली म्हंजे दोन्ही वाया जातील!"

सत्यशीलाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "निम्मा निम्मा वाटायला हा काय लग्नातला मान होता? एकाच्या पायताणात दुसऱ्याचा पाय घालून निघालेत दोघं!"

मला काय आनंद झाला सांगू! पण स्वप्नाली डोळे पुसत जुन्या पेटीशी येऊन बसली. तिची शनिवारची आशा गेली होती. मग माझा आनंद कुठच्या कुठे गेला.

माझ्या जागी नवा बसवायचा म्हणून पेटीचे झाकण तिने आधीच सैल केले होते. दिपाली मागून वाकली आणि म्हणाली, "ताई, ह्याच्या डोक्यावर कापूस कावून हाय?"

भाव येईपर्यंत वेचलेला कापूस आमच्याच खोलीत छतापर्यंत रचलेला असतो. माझा पंखा हवेबरोबर त्याचे तंतू ओढत राहिला होता. पात्यांवर चक्क गादी बसली होती. वारा बंद झाला, मी तापलो, आणि फार तापलो की इजा होऊ नये म्हणून आम्ही आपणहून सावकाश चालतो. मी तर आजवर समजत होतो, की मत्सरानेच माझे अंग पेटले आहे.

स्वप्नालीने विजेची तार काढली. एका हाताने पंख्याचे पाते धरले आणि कोरड्या मऊ ब्रशने एकेक तंतू काढला. मग बापाला सांगून संगणकाचे मेज कापसापासून दूर, ओसरीवर आणले. मी सुरू झालो. तरुण झालो नाही, खोटे कशाला बोलू? पण अळी फुलात शिरली, बोंड पोखरून बाहेर आली, कुठेच अडली नाही. चलचित्र वेळेत पुरे झाले. शनिवारी ते गेवराईच्या प्रदर्शनात जाऊन आले.

रविवारी स्वप्नालीने दोन्ही खोकी एका पिशवीत घालून काका-मामांपुढे ठेवली. "हे बदलून आणा, आन् नव्याला पेटीबी निराळी आणा. पण एकाच गाडीवर जा. दुकानदाराला आधी माझं काम सांगा, कंपनी नंतर इचारा."

"पुढं कोण बसायचं?" मामांनी विचारले.

"जाताना तुमी, येताना काका!"

मित्रांनो, नवे जरूर घ्यावे, पोरांची कामे मोठी होत जातात. पण जुन्याला म्हातारे म्हणण्याआधी त्याचे झाकण एकदा उघडून बघा.

गाडीचा आवाज लांब गेला. त्या दोन घराण्यांतला कोणीतरी एक येणार होता. स्वप्नालीने माझी पेटी मेजाच्या कडेला सरकवली आणि मधली जागा मोकळी केली. खोटे नाही सांगत, येणारा वाटेतच बिघडावा, असे पुन्हा मनात आले. मग तिने मागे वळून पाहिले. दाराला टेकून दिपाली उभी होती.

"ये," स्वप्नाली म्हणाली. तिने बहिणीला माझ्यासमोर बसवले आणि तिचे बोट स्वतःच्या हाताने माझ्या कळफलकाच्या पहिल्या कळीवर ठेवले.