कधीच रिकामी नसलेली खाट

विजेच्या तारेला अडकलेला पतंग. केसांत बसलेला सुताचा पांढरा भुगा. भिंतीकडे तोंड करून झोपणारा माणूस. दाराकडे तोंड करून झोपणारा दुसरा माणूस. दोघांची मिळून एकच उशी. मला घडवणारा अमळनेरचा एक सुतार, ज्याचे नाव मला कोणी सांगितले नाही.

मित्रांनो, या सगळ्यांच्या मधोमध मी आहे. मी एक जुनी खाट आहे. सुरतेत, भेस्तानच्या एका चाळीतल्या खोलीत राहते.

माझी चौकट बाभळीची आणि दोरी अंबाडीची. धुरपदाबाईच्या लग्नात तिच्या वडिलांनी मला आंदण दिले. पॅसेंजर गाडीने मी इथे आले, तेव्हा शेजारच्या सरलाबाईंनी माझ्यावर हात मारून पाहिला. "काय कसलेली खाट आहे गं! ढोलासारखी वाजते," त्या म्हणाल्या. ते कौतुक मी फार दिवस जपून ठेवले.

मग कामाची वर्षे सुरू झाली. धुरपदाबाईचा नवरा धुडकू आणि त्याचा धाकटा भाऊ सुकदेव, दोघेही लूमच्या कारखान्यात. एकाची दिवसपाळी, दुसऱ्याची रातपाळी. एक उठला की दुसरा त्याच उबेत आडवा होई.

"ऊठ रे भो, मना डोया मिटी राहिनात."

"जरा आंग तं मोडू दे, दादा!"

भावाभावांचे बोलणे एवढेच. पंधरवड्याने पाळ्या बदलत, माणसांची अदलाबदल होई, मी मात्र भरलेलीच. धुरपदाबाई आणि तिची लेक चंचल खाली गोधडीवर झोपत.

(थांबा. पाळी सुटली. सुकदेव आडवा होतो आहे. तो घोरायला लागला की पुढचे सांगते.)

मला एक कुतूहल होते. जागी माणसे कशी असतात? माझ्याकडे ती येतात, तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले असतात. धुडकूच्या अंगात लूमची थरथर उरलेली असे, ती मला कळे. पण तो हसतो कसा, हे ठाऊक नव्हते. चंचललाही नव्हते. बाप झोपला की ती त्याच्या बोटांत रबर अडकवी, मिशीला हात लावून बघे. तोच जागा दिसला की आईच्या पदराआड पळे.

"आते कमाई लेऊ, मंग पोरसंगे बसू," धुडकू म्हणे. कारखान्याला सुट्टी असली की तो दुसऱ्या कारखान्यात कुणाच्या तरी जागी बदलीवर जाई, आणि सुकदेव तो सगळा दिवस माझ्यावर झोपून काढी.

यात माझी आबाळ झाली. दोरी सैल पडली, मध्ये झोळ आला. खाट कसायची तर ती रिकामी हवी, आणि मी रिकामी कधी असणार? झोळामुळे दोघांची पाठ धरे, झोप पुरत नसे, म्हणून ते आणखी वेळ पडून राहत. सरलाबाई हसत, "ही खाट आहे का पाळणा?"

शहाण्णव सालच्या उत्तरायणानंतरची, म्हणजे इथल्या पतंगांच्या संक्रांतीनंतरची गोष्ट. शाळेत बाईंनी मुलांना विचारले, "तुमचे वडील काय करतात?" कोणी म्हणाले रिक्षा चालवतात, कोणी म्हणाले हिरे घासतात. चंचल म्हणाली, "आमचे आबा झोपतात."

सगळी चाळ हसली. धुरपदाबाई हसली नाही. धुडकू रातपाळीहून आला, तेव्हा ताट वाढताना ती म्हणाली, "पोर तुमले वयखत नही. तुम्ही तिना बाप शेतस, का पावना?"

धुडकूने ताट बाजूला सारले आणि माझ्या सैल दोरीवरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती. बदलीला बोलवायला मुकादम आला, तर धुडकू दारातूनच म्हणाला, "आज नही."

"का रे, शेठ झालास का?"

"खाट कसनी शे."

"खाटेसाठी खाडा!" मुकादम हसत हसत गेला.

धुडकूने सुकदेवला उठवून बाजारात पिटाळले. मी पहिल्यांदाच दिवसाउजेडी रिकामी झाले. दारातले ऊन थेट माझ्या दोरीवर पडले.

धुडकू पायथ्याशी उकिडवा बसला आणि दोरी ओढू लागला. एक फेर ओढला की मागचा सैल पडे. मागचा फेर कोणीतरी दाबून धरायला हवा होता. चंचल आईच्या ज्या पदराआड लपली होती, त्या पदराकडे न बघता तो मोठ्याने म्हणाला, "आते हाई कोन धरी वं माय?"

धुरपदाबाई पुढे होऊ लागली, त्याने तिला डोळ्यांनी थांबवले. मग एक इवलासा अंगठा माझ्या दोरीवर टेकला. खरे सांगते, त्या अंगठ्यात काही जोर नव्हता. दोरी सुटतच होती. धुडकू ती पुन्हा पुन्हा ओढत राहिला, कुरकुर न करता.

"आबा, तुम्ही जागा ऱ्हातस तवय काय करतस?"

"कापड विणस."

"कोनाकरता?"

धुडकू तिच्याकडे बघून हसला. त्याच्या एका गालाला खळी पडते, हे मला आणि चंचलला एकाच वेळी कळले. तिने लगेच त्या खळीत बोट घालून पाहिले.

त्यानंतर धुडकूने सुट्टीतली बदली सोडली. रातपाळीहून आला की चंचल शाळेला जाईपर्यंत तो तिच्याबरोबर माझ्या काठावर बसे, मगच आडवा होई. हा वेळ आला कुठून, याचा मी पुष्कळ विचार केला. दिवस तर तेवढाच होता. कसलेल्या दोरीवर झोप लवकर पुरी होऊ लागली, हे खरे. पण सगळे उत्तर त्यात नाही.

(सुकदेवने कूस बदलली. हळू बोलते.)

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी वस्तू, एखादे माणूस कायम कामात गुंतलेले असेल. ते मोडेपर्यंत थांबू नका. मध्येच थोडे रिकामे करा, कसून घ्या. आणि दोरी धरायला कुणाला तरी हाक मारा. हात लहान असला तरी चालेल.

एक सांगायचे राहिले. शाळेच्याही कितीतरी आधी, चंचल पहिले पाऊल टाकायला शिकली ती माझा पाय धरून. त्या वेळी धुडकू माझ्यावर झोपलेला होता.